तटाच्या आतले गाव : रेवदंडा आणि कोर्लई

वसई, उत्तन, गोराई, माहीम या भागांतील आपली ख्रिस्ती कुटुंबे सुटीच्या दिवसांत अलिबागला जातात. कुलाबा किल्ला पाहतात, समुद्रस्नान करतात, एखादा फोटो काढतात आणि संध्याकाळी परततात. अलिबागच्या दक्षिणेस अठरा किलोमीटरच्या आत-बाहेर एक गाव आहे. त्या गावाच्या नारळी-पोफळीच्या सावलीत आपल्या इतिहासाची काही पाने विखुरली आहेत, याची त्यांतील फारच थोड्यांना कल्पना असते. त्या गावाचे नाव रेवदंडा. जुन्या कागदपत्रांतून त्याला ‘खालचे चौल’ म्हणत आणि आजही काही लोक त्याला ‘आगरकोट’ म्हणतात. आगरांच्या भोवतीचा कोट, अशी त्या नावाची सरळ फोड आहे. खाडीच्या पलीकडे समुद्रात घुसलेल्या डोंगरकण्याच्या पायथ्याशी कोर्लई आहे. ही दोन गावे एकत्र वाचल्याशिवाय कोणाही एकाचा अर्थ लागत नाही.

वसईचा कोट आपण सर्वांनी पाहिला आहे. तेथे तटाच्या आत आता वस्ती अशी नाही. रेवदंड्याचे वेगळेपण येथेच आहे. हा कोट ओसाड झाला नाही. अलिबागहून मुरुडकडे जाणारा हमरस्ता आजही जुना तट भेदून गावात शिरतो आणि पुन्हा तट भेदून खाडीकडे बाहेर पडतो. आत बाजारपेठ आहे, शाळा आहेत, कौलारू घरे आहेत, देवळे आहेत, दुपारच्या वेळी ओट्यावर टेकून बसलेली माणसे आहेत. रस्ता सोडून एखाद्या पाखाडीत वळावे, तर दोन्ही बाजूंना वाड्यांचे गडगे लागतात. आत पोफळी, नारळी, जायफळ, मिरवेली, विहिरी आणि पाटाचे पाणी. त्या हिरव्या काळोखात डोळे स्थिरावले की अकस्मात एक कमान दिसते. कोणाच्या परसात चर्चची भिंत उभी असते, तर कोणाच्या विहिरीच्या कडेला कोरीव दगड पाय धुण्यासाठी बसवलेला असतो. जुने नगर येथे पुरले गेलेले नाही. नवे गाव त्याच्याच अंगाखांद्यावर नांदत आहे.

बंदराचे मोठेपण

चौलचे बंदर पोर्तुगीजांनी वसवले, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. ग्रीक नाविकांच्या ‘पेरिप्लस’मध्ये हे बंदर सेमिल्ला या नावाने येते. टॉलेमी त्याला सिमुल्ला म्हणतो. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ‘चेमुल’ हे नाव कोरलेले आहे, म्हणजे बौद्ध भिक्षूंना दान देण्याइतके संपन्न लोक येथे राहत होते. अरब प्रवासी अल् मसूदी इसवी सन 916 च्या सुमारास ‘सैमूर’ला आला, तेव्हा सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेल्या सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती त्याने येथे नोंदवली आहे. रशियातील त्व्हेर नगरचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात एक घोडा विकण्याच्या आशेने समुद्र ओलांडून हिंदुस्थानात उतरला, तो याच किनाऱ्यावर. त्याचे स्मारक आता रेवदंड्यात उभे आहे. बेने इस्राएल बांधवांची जुनी वस्तीही याच परिसरातली. फुटलेल्या गलबतातून वाचून आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगावी ते ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. वरच्या चौलात तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ तळी होती, असे तेथील वृद्ध सांगतात. आकडा मोजून घेण्याचा नसतो. त्यामागची श्रीमंती आणि श्रद्धा समजून घ्यायची असते.

अशा या नांदत्या बंदरात पोर्तुगीज शिरले ते सोळाव्या शतकाच्या आरंभी. पहिली गाठ रक्ताची पडली. 1508 साली इजिप्तच्या सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी मिळून पोर्तुगीज गलबतांना चौलच्या खाडीत गाठले. पहिल्या व्हाइसरॉयचा तरुण पुत्र लोरेन्सो द आल्मेदा याचे जहाज पाणी भरून जड झाले आणि कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांत अडकले. त्याने जहाज सोडून जाण्यास नकार दिला आणि तो तेथेच पडला. पुढल्याच वर्षी, 1509 मध्ये, त्याच्या पित्याने दीवच्या समुद्रात त्याचा सूड घेतला आणि अरबी समुद्राचा ताबा एका नव्या सत्तेकडे गेला. जगाच्या इतिहासातील एवढ्या मोठ्या उलथापालथीच्या वाटेत आपल्या कोळीबांधवांचे चार खांब उभे होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्या वेळी चौल अहमदनगरच्या निजामशाहीत होते. बुऱ्हाण निजामशहाला लढाईसाठी अरबी घोडे हवे होते आणि घोड्यांचा समुद्रमार्ग पोर्तुगीजांच्या हाती होता. या गरजेतून 1521 साली त्याने त्यांना खाडीच्या मुखाशी किल्ला बांधण्याची परवानगी दिली. 1524 मध्ये तो पूर्ण झाला. त्याच वर्षी वास्को द गामा व्हाइसरॉय म्हणून तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला, तो प्रथम चौलला उतरला. डिसेंबरमध्ये कोचीन येथे त्याचे निधन झाले.

तटाच्या आतले जग

किल्ल्याच्या आसऱ्याने हळूहळू एक नगर उभे राहिले. वखार, जकातघर, रुग्णांची व गोरगरिबांची सेवा करणारा ‘मिझेरिकॉर्दिया’चा दयासंघ, व्यापाऱ्यांची घरे आणि या सर्वांच्या मधून वर डोकावणारी चर्चे. समुद्रमातेच्या नावाने वाहिलेले मुख्य धर्मग्राममंदिर, संत बार्बरेच्या नावाचा फ्रान्सिस्कनांचा मठ, ग्वादालूपे मातेच्या नावाचा डॉमिनिकनांचा, ऑगस्टिनियनांचा आणि येशूसंघीयांचा मठ, अशी ही मांदियाळी होती. संत फ्रान्सिस झेवियर गुजरात-वसईच्या सागरी वाटेवर चौलला थांबले होते. रेवदंड्यातील एका लहानशा प्रार्थनामंदिराच्या अवशेषाशी त्यांच्या प्रवचनाची आठवण स्थानिक परंपरेने जोडलेली आहे.

फ्रान्सिस्कन मठाचा उंच मनोरा अजून उभा आहे. गावकरी त्याला ‘सातखणी बुरूज’ म्हणतात. मूळच्या सात मजल्यांपैकी काही ढासळले आहेत. माडांच्या शेंड्यांवरून तो समुद्रातूनही दिसतो. होड्या परतताना आजही तो खुणेसाठी पाहिला जातो. ज्यांनी तो बांधला ते तेथे उरले नाहीत, ज्या घंटा त्यात वाजत त्या गेल्या, परंतु वाट दाखविण्याचे त्याचे काम कोणी काढून घेतलेले नाही.

या नगरात केवळ फिरंगी राहत होते असे नाही. डच प्रवासी लिन्स्कोटेन याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस चौलच्या रेशमी विणकामाचे वर्णन करून ठेवले आहे. ते विणकर, ते सुतार, ते खलाशी याच मातीतले होते. पोर्तुगीज हद्दीबाहेर, दोन-तीन किलोमीटरवर, वरचे चौल निजामशाहीच्या अमलाखाली हिंदू-मुसलमानांचे बाजारगाव म्हणून नांदत होते. दिवसा दोन्ही चौलांत माल आणि माणसे ये-जा करीत. ही दोन गावे एकमेकांच्या भाकरीवर जगत होती.

आपण येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. त्या काळच्या पोर्तुगीज सत्तेने क्रूस आणि तलवार एकाच हातात धरली. 1560 मध्ये गोव्यात आलेल्या इन्क्विझिशनची छाया उत्तरेकडील ठाण्यांवरही पडली आणि अनेक देवळे पाडली गेली. रेवदंड्यातील भग्न कमानी पाहताना केवळ हळहळणे किंवा केवळ अभिमान बाळगणे, दोन्ही अपुरे आहे. त्या दगडांत संतांची तपश्चर्या आहे, कारागिरांचा घाम आहे आणि सत्तेचा अहंकारही आहे. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या ख्रिस्ती माणसाने या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पाहावयास शिकले पाहिजे.

वेढे आणि उतरण

1565 च्या तालिकोट युद्धानंतर दख्खनचे सुलतान बलवान झाले. 1570 च्या अखेरीस आदिलशहाने गोव्यावर व मुर्तझा निजामशहाने चौलवर स्वारी केली. चौलचा वेढा कित्येक महिने चालला. तटाबाहेरील मठ आणि घरे रणभूमी बनली. 1571 च्या पावसाळ्यात तह झाला, चौल टिकले आणि पुढे नगराभोवती भक्कम तट उभा राहिला. आज आपण ज्या तटातून गावात शिरतो, त्याचे मूळ या भीतीत आहे.

दुसरा प्रसंग आपल्याला अधिक जवळचा आहे. खाडीच्या दक्षिणेचा डोंगर, म्हणजे कोर्लईचा ‘मोरो’, निजामशहाने तटबंद केला आणि तेथून चौलवर तोफांचा मारा सुरू केला. 1594 च्या सप्टेंबरात पोर्तुगीजांनी तो डोंगर एका भीषण हल्ल्यात घेतला. दारात मरून पडलेल्या हत्तीमुळे दरवाजा बंद करता आला नाही, अशी हकीकत सांगतात. या लढाईसाठी वसई आणि साष्टीहून पोर्तुगीजांबरोबर एतद्देशीय सैनिकांचीही कुमक आली होती. इतिहासकारांनी सेनानायकांची नावे लिहिली, या माणसांची लिहिली नाहीत. परंतु वसई-साष्टीहून आलेले ते लोक आपल्याच गावांतले होते. त्यांतील किती परत गेले आणि किती त्या उतारावर राहिले, हे कोणत्याही थडग्यावर कोरलेले नाही. कोर्लईच्या किल्ल्यावर, छप्पर नसलेल्या प्रार्थनामंदिरात उभे राहिल्यावर त्यांच्यासाठी एक ‘आमच्या बापा’ म्हणावी, एवढे ऋण तरी आपल्यावर निश्चित आहे.

सतराव्या शतकात चौलची उतरण सुरू झाली. त्याचे कारण तोफांत शोधू नये. सुरतेचा व्यापार वाढला. 1661 च्या विवाहकराराने मुंबई इंग्रजांकडे जाण्याचे ठरले आणि 1665 मध्ये ती प्रत्यक्ष त्यांच्या हाती आली. नव्या बंदराला माणसे हवी होती. चौलचे विणकर व कारागीर तिकडे वळले. मुंबईत भुलेश्वराजवळची चेऊलवाडी या स्थलांतराची आठवण आजही नावात जपून आहे. एका नगराचे वैभव कधीकधी वेढ्यात संपत नाही. एके दिवशी सकाळी माग उचलून बैलगाडीत किंवा गलबतात घालणाऱ्या माणसांबरोबर ते निघून जाते.

1683 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा दिला. त्या वेळी ते वाचले. पुढे कान्होजी आंग्रे यांचे आरमार कुलाब्याला, म्हणजे अगदी शेजारी उभे राहिले. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर फिरंगाणाचा कणाच मोडला. एकाकी चौल टिकणे अशक्य होते. 1740 च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे सुपूर्द झाली. जे सधन होते, ज्यांना गोव्याची वाट परवडत होती, ते निघून गेले. मठ रिकामे झाले. पावसाने छपरे खाली आणली आणि कोकणच्या मातीने आपले काम सुरू केले. जेथे प्रांगणे होती तेथे पोफळी उगवल्या.

जे मागे राहिले

आणि येथे या कथेचा खरा विषय सुरू होतो. सगळेच गेले नाहीत. जे गरीब होते, ज्यांच्याकडे जहाजाचे भाडे नव्हते, ज्यांचे गोव्यात कोणी नव्हते, ते ख्रिस्ती लोक मागे राहिले. ते खाडीच्या पलीकडे कोर्लईच्या डोंगराखाली एकवटले. किल्ला नव्हता, व्हाइसरॉय नव्हता, मठ नव्हते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, भोवती मराठी बोलणारी हिंदू-मुसलमान गावे. अशा स्थितीत या मूठभर शेतकरी-मजूर कुटुंबांनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत : श्रद्धा आणि बोली.

कार्मेल मातेच्या नावाचे चर्च ही त्यांच्या श्रद्धेची खूण आहे. त्यांची बोली तर जगातील भाषाशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय झाली आहे. कोर्लईचे ख्रिस्ती घरात जी भाषा बोलतात तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. पोर्तुगीजमधील ‘नोसा लिंग्वा’ हे शब्द येथे झिजून ‘नो लिंग’ झाले. शब्दांचे शेवट गळून पडले. शब्द बहुतांशी पोर्तुगीज आहेत, परंतु वाक्याची चाल मराठी आहे. पोर्तुगीज माणूस क्रियापद मध्ये ठेवतो. कोर्लईचा माणूस आपल्यासारखाच ते शेवटी नेऊन ठेवतो. कर्ता आधी, कर्म मध्ये आणि क्रिया सर्वांत शेवटी. जणू एका देहात दुसऱ्याचे हाडपेर बसले आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी येथे राहून या बोलीचा अभ्यास केला आणि 1996 साली तिच्या घडणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ही भाषा बोलणारी माणसे हजाराच्या आत-बाहेर आहेत.

आपण मराठीत पाव, बटाटा, साबण, चावी, पगार, घमेले, बिजागरी असे शब्द सहज वापरतो, ते त्याच पोर्तुगीज काळाचे देणे आहे. आपण काही शब्द घेतले आणि मराठी राहिलो. कोर्लईकरांनी शब्दांचे सगळे भांडार घेतले आणि त्याला मराठीचा सांगाडा दिला. देवाणघेवाणीची ही दोन टोके एकाच किनाऱ्यावर शेजारी नांदली.

ही बोली अडीचशे वर्षांहून अधिक काळ कशी टिकली? तिला लिपी नव्हती, शाळा नव्हती, ग्रंथ नव्हता. तिला राखले ते विवाहसंबंधांनी, एकाकीपणाने आणि प्रार्थनेने. पोर्तुगीज प्रार्थना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील चर्चमध्ये म्हटल्या जात. देवाशी बोलण्याची भाषा आणि चुलीजवळची भाषा यांचे नाते तुटलेले नव्हते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1960 च्या दशकापासून, आपल्या मिस्सा लोकभाषेत आल्या. महाराष्ट्रातील ख्रिस्तसभेने मराठी स्वीकारली, मराठीत गीते रचली, मराठीत प्रवचने केली. ही आपल्या सर्वांच्या अभिमानाची गोष्ट आहे आणि ती तशीच राहावी. परंतु कोर्लईच्या चर्चमध्ये ‘लोकभाषा’ म्हणून जी मराठी आली, ती तेथील लोकांच्या घरची भाषा नव्हती. ती शेजारची भाषा होती. शाळा मराठी, मिस्सा मराठी, बाजार मराठी. पुढे खाडीवर पूल झाला, कारखाने आले, एस.टी. दारात आली, मुले-मुली नोकरीसाठी अलिबाग-मुंबईला जाऊ लागली. यात कोणाचाही दोष नाही. पोटासाठी आणि प्रगतीसाठी माणसाने पुढे जायलाच हवे. तरीही जी बोली आरमारे आणि तह यांच्या पलीकडे टिकली, ती सुबत्तेच्या आणि सोयीच्या काळात मुलांच्या ओठांवरून उतरत चालली आहे, हे सत्य आपण डोळ्यांआड करता कामा नये.

आपल्यापुढील प्रश्न

हा प्रश्न केवळ कोर्लईचा नाही. वसईची सामवेदी बोली, वाडवळी, उत्तन-गोराईची ईस्ट इंडियन बोली, कोळीबांधवांची बोली यांच्याकडे आज आपल्याच घरांत कसे पाहिले जाते? मुलगा इंग्रजी माध्यमात गेला की आजी त्याच्याशी आपल्या बोलीत बोलायला कचरते. पाहुणे आले की आपण भाषा बदलतो. सातखणी बुरुजाचा दगड निखळला तर वृत्तपत्रात बातमी येते. एक आजी जाते आणि तिच्याबरोबर शंभर शब्द, दहा ओव्या आणि चार प्रार्थना जातात, त्याची बातमी कोठेच येत नाही.

म्हणून आमचे वाचकांना आग्रहाचे सांगणे आहे. पुढील सुटीत अलिबागला गेलात तर अर्धा दिवस रेवदंड्यासाठी राखा. गाडी बाजारात ठेवा आणि पायी फिरा. वाड्या खाजगी आहेत, म्हणून मालकाला विचारूनच आत जा. ही माणसे अगत्याने वाट दाखवितात. सातखणी बुरुजाखाली मुलांना उभे करा आणि हे कोणी बांधले, कोणी सोडले आणि कोण मागे राहिले, ते त्यांना सांगा. समुद्राकडच्या तटावर जा. तेथून खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर दिसतो. मग पूल ओलांडा आणि कार्मेल मातेच्या चर्चमध्ये थोडा वेळ बसा. तेथील माणसांशी बोला, पण तमाशा पाहिल्यासारखे नव्हे. ती आपली धर्मबंधू-भगिनी आहेत. त्यांना त्यांच्या भाषेचे कौतुक बाहेरच्या विद्वानांकडून पुष्कळ मिळाले, ते आपल्या माणसांकडूनही मिळावे.

इतिहासाचे प्रेम असलेल्या आपल्या युवकांना एक काम सुचवावेसे वाटते. चौलच्या आणि वसईच्या पुरातन वास्तूंवर जेर्सन द कुन्हा यांनी 1876 साली मुंबईत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यवसायाने वैद्य असलेल्या या गोमंतकीय ख्रिस्ती विद्वानाने आपला रोजचा व्याप सांभाळून पडके मठ आणि शिलालेख नोंदवून ठेवले. त्यांनी पाहिलेले कित्येक दगड आज जागेवर नाहीत, पण त्यांच्या नोंदी आहेत. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आज हातातल्या फोनवर आवाज मुद्रित करता येतो. घरातील वृद्धांची प्रार्थना, लग्नातील गाणी, शेतीची आणि मासेमारीची नावे त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच आवाजात टिपून ठेवावीत. त्यासाठी पदवी लागत नाही. आजीजवळ बसण्याइतका वेळ लागतो.

रेवदंड्याच्या तटातून खाडीकडे बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर दिवसभर वाहने धावतात. बहुतेक मुरुडला, जंजिऱ्याला, काशीदच्या किनाऱ्याला जाणारी असतात. तट कधी लागला आणि कधी सुटला, हे आतल्यांना कळत नाही. यापुढे त्यातील एखादी गाडी आपल्या धर्मग्रामातील असेल तर ती तेथे थांबावी आणि आतल्या मुलांनी खाली उतरून दगडाला हात लावून पाहावा, एवढीच इच्छा आहे. त्या तटाआड नांदलेल्या लोकांचे वंशज खाडीपलीकडे अजून आपल्या भाषेत देवाला हाक मारीत आहेत. त्यांच्या जोडीला आपलाही आवाज असावा.